आकाशक अनुकूलन, हौशी रेडिओतील

दूरचित्रवाणी, पोलीस व टॅक्सी यांची बिनतारी यंत्रणा, सागरी दळणवळण, उपग्रह प्रक्षेपण इ. व्यापारी वा शासकीय सेवांसाठी तयार केलेले आणि त्या सेवेतून बाद झालेले आकाशक आवश्यक ते फेरफार करून हौशी रेडिओ सेवेच्या कंप्रता पट्ट्यांत वापरण्याच्या क्रियेला आकाशक अनुकूलन म्हणतात. आकाशक म्हणजे रेडिओ तरंगांचे उत्सर्जन अथवा ग्रहण करणारी संवाहक रचना होय. व्यवहारात तिला अँटेना किंवा एरियल असे म्हणतात. कंप्रता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या असून रेडिओ तंत्रविद्येत ती बहुधा मेगॅहर्ट्झमध्ये (दर सेकंदास दहा लक्ष कंपने) सांगतात.

हौशी रेडिओ ही व्यक्तिगत आवड, स्वयंशिक्षण व तांत्रिक प्रयोग यांसाठी, आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता चालविली जाणारी परवानाधारकांची सेवा आहे. तिला आंतरराष्ट्रीय करारांनी ठराविक पट्टे दिलेले आहेत. भारतातील हौशी परवानाधारक वापरीत असलेल्या पट्ट्यांपैकी २८ ते २९·७, १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगॅहर्ट्झ हे तीन या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. तरंगलांबीवरून त्यांना अनुक्रमे दहा मीटर, दोन मीटर व सत्तर सेंटिमीटर पट्टा म्हणण्याचा प्रघात आहे. या पट्ट्यांच्या शेजारी इतर सेवांचे पट्टे आहेत. हे शेजारपणच अनुकूलनाचा पाया होय.

जुना आकाशक वापरण्यामागे काटकसर हे एक कारण असले, तरी ते एकमेव नाही. व्यापारी आकाशक वर्षानुवर्षे ऊन, पाऊस व वारा यांत उभा राहावा अशा बेताने बनविलेला असतो. त्याच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, जस्तलेपित पकडी, तंतुकाचेचे आवरण व जलरोधक जोडण्या घरगुती साधनांनी तयार करणे कठीण असते. दुसरे असे की, तंत्र बदलले की अशी सामग्री एकदम मोठ्या प्रमाणावर निरुपयोगी ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याजवळ शिल्लक राहिलेली बिनतारी सामग्री अनेक देशांतील हौशी मंडळींच्या हाती आली. भारतात केबल व उपग्रह दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर घरांच्या गच्च्यांवरील दूरदर्शनचे आकाशक हळूहळू निकामी झाले आणि दूरदर्शनने आपली बहुतेक भूस्थित सदृश प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद केल्यावर त्यांचे मूळ प्रयोजन जवळजवळ संपले. १९९० नंतरच्या दशकात केबलचालकांनी उभारलेल्या मोठ्या जाळीदार तबकड्यांचीही अनेक ठिकाणी हीच गत झाली.

मूलतत्त्वे : आकाशकाचे वर्तन त्याची मापे तरंगलांबीच्या किती पट आहेत यावर अवलंबून असते. मीटरमधील तरंगलांबी काढण्यासाठी ३०० या संख्येला मेगॅहर्ट्झमधील कंप्रतेने भागतात. उदा., १४५ मेगॅहर्ट्झ कंप्रतेची तरंगलांबी सु. २·०७ मी. व अर्धतरंगलांबी सु. १·०३ मी. आहे. मध्यभागी तोडून दोन्ही अर्धांना केबल जोडलेल्या सरळ संवाहकाला द्विध्रुवी आकाशक म्हणतात. त्याची लांबी अर्धतरंगलांबीच्या सु. ०·९५ पट, म्हणजे येथे सु. ९८ सेंमी. असताना त्याचे अनुस्पंदन होते, म्हणजेच त्या कंप्रतेला तो प्रेषकाकडून आलेली ऊर्जा सुलभतेने स्वीकारतो. लांबी अर्धतरंगलांबीपेक्षा थोडी कमी ठेवावी लागण्याचे कारण म्हणजे संवाहकाची जाडी व त्याच्या टोकांशी असणारे विद्युत् क्षेत्र होय.

यावरून प्रमाणाचा नियम मिळतो. एखाद्या आकाशकाची सर्व मापे एकाच गुणकाने बदलली, तर त्याचे गुणधर्म तसेच राहून त्याची कंप्रता त्या गुणकाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. येथे सर्व या शब्दाला महत्त्व आहे. दांड्यांची लांबी बदलली, परंतु त्यांमधील अंतरे व जाडी तशीच ठेवली, तर नवा आकाशक जुन्याची प्रतिकृती राहत नाही.

केबल व आकाशक यांची जुळणी ही दुसरी बाब आहे. प्रत्यावर्ती (वारंवार दिशा बदलणाऱ्या) विद्युत् प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाला संरोध म्हणतात व तो ओहममध्ये मोजतात. हौशी रेडिओतील बहुतेक प्रेषक ५० ओहमसाठी बनविलेले असतात, तर दूरचित्रवाणीची सामग्री ७५ किंवा ३०० ओहमची असते. संरोध जुळत नसल्यास ऊर्जेचा काही भाग प्रेषकाकडे परत येतो. परत येणाऱ्या भागाचे मान स्थायी तरंग गुणोत्तराने व्यक्त करतात. हे गुणोत्तर १ असल्यास काहीच परत येत नाही. १·५ असताना सु. ४ टक्के, २ असताना सु. ११ टक्के व ३ असताना २५ टक्के शक्ती परत फिरते.

तिसरी बाब ध्रुवणाची, म्हणजे तरंगातील विद्युत् क्षेत्राच्या दिशेची होय. उभ्या दांडीतून निघणारे तरंग उभ्या ध्रुवणाचे व आडव्या दांडीतून निघणारे आडव्या ध्रुवणाचे असतात. एका टोकास उभा व दुसऱ्या टोकास आडवा आकाशक असेल, तर व्यवहारात मिळणारी शक्ती शंभरपटींनीही घटू शकते. दूरदर्शनचे घरगुती आकाशक आडवे बसविलेले असत, तर मोटारी व पुनःक्षेपक केंद्रे यांच्याशी होणारे हौशी संदेशवहन बहुधा उभ्या ध्रुवणाने चालते.

तेव्हा कोणताही जुना आकाशक हाती आला असता त्याचा कोणता भाग कंप्रतेशी बांधलेला आहे व कोणता नाही, हा पहिला प्रश्न असतो. डोलकाठी, पकडी, आधारदंड व निरोधक यांना कंप्रतेशी फारसे कर्तव्य नसते. दांड्यांच्या लांब्या, त्यांमधील अंतरे व जुळणीचे घटक मात्र तिच्याशी घट्ट बांधलेले असतात. अनुकूलनाचे श्रम या दुसऱ्या गटावरच खर्च होतात. [→ आकाशक, रेडिओ, हौशी].

उभ्या दांडीचे आकाशक : सर्वांत सोपे अनुकूलन एकेरी दांडीचे होय. २७ मेगॅहर्ट्झच्या आसपास अनेक देशांत नागरी पट्टा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७० नंतरच्या दशकात तो अतिशय लोकप्रिय झाला व १९७७ पासून त्यात ४० वाहिन्या देण्यात आल्या. त्या लाटेतील आकाशक पुढे दहा मीटर पट्ट्यासाठी सर्रास वापरले गेले. २७·२ मेगॅहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची दांडी सु. २·६२ मी. लांब असते, तर २८·५ मेगॅहर्ट्झसाठी ती सु. २·५० मी. लागते. म्हणजे सु. १२ सेंमी. कापले की काम होते. मात्र मोटारीवरील आखूड आकाशकांत तळाशी किंवा मध्ये वेटोळे असते. त्यांना हे साधे प्रमाण लागू पडत नाही. वेटोळ्यावरील दांडीची थोडीशी लांबी कमी केली तरी कंप्रता पुष्कळ सरकते. म्हणून अशा दांडीचे एका वेळी अगदी थोडे कापून प्रत्येक वेळी मापन करतात.

सागरी दळणवळणाचे आकाशक १५६ ते १६२ मेगॅहर्ट्झच्या आसपास चालतात. १५६·८ मेगॅहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची दांडी सु. ४५·४ सेंमी. आणि १४५ मेगॅहर्ट्झसाठी सु. ४९ सेंमी. असते. येथे दांडी वाढवावी लागते. वाढविणे हे कापण्यापेक्षा नेहमीच अवघड असते, कारण जोडाला यांत्रिक बळकटी व अखंड विद्युत् संपर्क ही दोन्ही हवी असतात. यामुळे आपल्या पट्ट्यापेक्षा किंचित कमी कंप्रतेचा आकाशक मिळविणे श्रेयस्कर असते. तंतुकाचेच्या नळीत बंद केलेल्या आकाशकांत अनेक अर्धतरंग घटक एकावर एक जोडलेले असतात. नळी न फोडता त्यांच्यात बदल करता येत नाही आणि फोडल्यास त्यांचा जलरोधकपणा जातो. असा आकाशक मुळातच आपल्या पट्ट्याजवळचा असेल तरच घेणे योग्य ठरते.

पोलीस, अग्निशामक दल, बंदरे इ. ठिकाणी एका खांबावर चार घडीव द्विध्रुवी बसविलेले आकाशक आढळतात. घडीव द्विध्रुवी म्हणजे दोन समांतर संवाहक टोकांशी जोडून केलेले लांबट कडे होय. त्याचा कंप्रता पल्ला साध्या द्विध्रुवीपेक्षा रुंद असतो. १५० मेगॅहर्ट्झसाठी बनविलेली अशी मालिका १४५ मेगॅहर्ट्झला वापरताना कंप्रतेत केवळ ३·३ टक्के फरक पडतो. तिच्यातील अंतरे व जोडकेबली एवढा फरक बहुधा सहन करतात आणि काहीही न कापता ती कामास येते. अशा मालिकेला हात लावण्यापूर्वी मापन करून पाहणे, हाच तिच्या बाबतीतील मुख्य नियम होय.

यागी-उदा आकाशक : जपानमधील सेंडाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा व हिदेत्सुगू यागी यांनी १९२६ च्या सुमारास विकसित केलेला हा आकाशक घरगुती दूरचित्रवाणीमुळे जगभर परिचित झाला. त्यात केबल जोडलेल्या द्विध्रुवीच्या मागे त्याहून किंचित लांब परावर्तक व पुढे किंचित आखूड दिशादर्शक दांड्या असतात. या दांड्यांना केबल जोडलेली नसते. द्विध्रुवीच्या सान्निध्याने त्यांत प्रवाह उत्पन्न होतो आणि उत्सर्जन पुढील दिशेत एकवटते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व त्याचे प्रक्षेपण चौथ्या वाहिनीवर, म्हणजे ६१ ते ६८ मेगॅहर्ट्झ या पट्ट्यात होत असे. त्यासाठीच्या आकाशकाच्या दांड्या सु. २ ते २·३ मी. लांब असत. पट्ट्याचा मध्य ६४·५ मेगॅहर्ट्झ धरल्यास दोन मीटर पट्ट्यासाठी प्रमाणाचा गुणक ६४·५ भागिले १४५, म्हणजे सु. ०·४४५ येतो. २·३ मी.चा परावर्तक सु. १·०२ मी. करावा लागतो आणि दोन दांड्यांमधील ९३ सेंमी. अंतर सु. ४१ सेंमी.वर आणावे लागते. याचा अर्थ असा की, एका जुन्या दांडीतून दोन नव्या दांड्या निघतात आणि तीन दांड्यांच्या आकाशकातून पाच-सहा दांड्यांचा नवा आकाशक करण्याइतकी नळी मिळते.

येथे नळीची जाडी मात्र गुणकाप्रमाणे कमी होत नाही. १२ मिमी. जाडीची नळी लांब तरंगांच्या मानाने बारीक असते, तीच आखूड तरंगांच्या मानाने जाड ठरते. जाड संवाहकाचे अनुस्पंदन थोड्या कमी लांबीला होत असल्यामुळे दांड्या काढलेल्या मापापेक्षा किंचित आखूड कराव्या लागतात. दांडी धातूच्या आधारदंडातून आरपार नेलेली आहे की निरोधकावर बसविलेली आहे, यानेही हे माप थोडे बदलते. म्हणून प्रथम दांड्या हिशोबाच्या मापाने कापतात व अखेरचे थोडे मिलिमीटर मापनानंतर कमी करतात.

घडीव द्विध्रुवीचा संरोध मोकळ्या अवकाशात सु. ३०० ओहम असतो. परावर्तक व दिशादर्शक जवळ आल्यावर तो कमी होतो. त्याला ५० ओहमची समाक्ष केबल (मध्ये तार व भोवती जाळीचे वेष्टन असलेली केबल) थेट जोडणे दोन कारणांनी अयोग्य असते. संरोध जुळत नाही आणि द्विध्रुवीच्या दोन्ही बाजू समतोल असताना केबलची एक बाजू भूसंपर्कित असते. दोन्ही अडचणींवर समाक्ष केबलच्याच अर्धतरंग वळशाचा उपाय आहे. हा वळसा संरोध चौपटीने उतरवितो, म्हणजे २०० ओहमचे ५० व ३०० ओहमचे ७५ ओहम करतो. नेहमीच्या भरीव निरोधकाच्या केबलमध्ये तरंगाचा वेग अवकाशातील वेगाच्या सु. ०·६६ पट असल्यामुळे १४५ मेगॅहर्ट्झसाठी वळशाची लांबी १·०३ मी. नसून सु. ६८ सेंमी. ठेवावी लागते. शेवटी संपूर्ण आकाशक उभ्या ध्रुवणासाठी नव्वद अंशांत फिरवून बसवितात. तो धातूच्या खांबावर मध्यभागी धरल्यास उभ्या दांड्यांना खांब समांतर येऊन त्याचे वर्तन बिघडते. म्हणून आधारदंड मागील टोकाशी धरतात किंवा खांबाचा वरचा भाग अधातूचा ठेवतात.

तबकडी आकाशक : अन्वस्ताच्या आकाराची तबकडी हा वरील नियमाला लक्षणीय अपवाद आहे. तबकडी केवळ आरसा असून तिची स्वतःची अशी ठराविक कंप्रता नसते. कंप्रतेशी बांधलेला भाग म्हणजे तिच्या केंद्राशी असलेला संभरक होय. पृष्ठावरील चढउतार तरंगलांबीच्या मानाने लहान असले आणि व्यास तरंगलांबीच्या अनेक पट असला, की तीच तबकडी भिन्न पट्ट्यांत चालते. म्हणून तबकडीचे अनुकूलन म्हणजे बहुतांशी संभरकाचे अनुकूलन होय. नव्या संभरकाचा झोत तबकडीच्या कडेपर्यंत पुरेल, परंतु कडेबाहेर सांडणार नाही, इतपत रुंद असावा लागतो. ही रुंदी तबकडीचे केंद्रांतर व व्यास यांच्या गुणोत्तरावरून ठरते.

घराघरांतील ६० सेंमी. व्यासाची उपग्रह दूरचित्रवाणीची तबकडी याचे उत्तम उदाहरण आहे. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेल्या एस-हेल-२ या कतारच्या भूस्थिर उपग्रहावर हौशी रेडिओसाठी पुनःक्षेपक बसविलेले आहेत. भूस्थिर कक्षेतील हे असे पहिलेच पुनःक्षेपक असून ते २०१९ मध्ये खुले झाले. हौशी मंडळींत त्याला क्यूओ-१०० म्हणतात. उपग्रह सु. २६° पूर्व रेखांशावर असल्यामुळे तो महाराष्ट्रातून पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेस, क्षितिजापासून सु. ३० अंशांवर असतो. त्याच्या अरुंद पट्ट्याचे संदेश १०,४८९·५ ते १०,४९० मेगॅहर्ट्झवर उतरतात. या कंप्रतेला ६० सेंमी.ची तबकडी सर्व दिशांना सारखे उत्सर्जन करणाऱ्या काल्पनिक आकाशकाच्या मानाने सु. अडीच हजार पट शक्ती एकवटते. तिचा झोत मात्र केवळ सु. ३ अंश रुंद असल्यामुळे ती काळजीपूर्वक रोखावी लागते. घरगुती तबकड्यांत संभरक एका बाजूस असतो व त्यामुळे तबकडी दिसते त्यापेक्षा २० अंशांहून अधिक वर पाहत असते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

तबकडीच्या केंद्राशी असलेल्या, एलएनबी या नावाने परिचित असलेल्या साधनात संभरक, विवर्धक व कंप्रता रूपांतरक एकत्र असतात. दूरचित्रवाणीचा पट्टा १०,७०० मेगॅहर्ट्झपासून सुरू होत असला, तरी ९,७५० मेगॅहर्ट्झचा स्थानिक आंदोलक (स्थिर कंप्रतेचा विद्युत् संकेत निर्माण करणारे मंडल) असलेले साधन सु. दोन टक्के खालच्या या कंप्रतेलाही चांगले काम देते. वजाबाकीने संदेश ७३९·५ ते ७४० मेगॅहर्ट्झवर येतात व ते साध्या ग्राहीने ऐकता येतात. अडचण निराळीच असते. हा आंदोलक २५ मेगॅहर्ट्झच्या स्फटिकाच्या कंप्रतेच्या ३९० पट चालतो. स्फटिक दशलक्षात एक भागाने सरकला, तरी अखेरची कंप्रता ९,७५० हर्ट्झने सरकते. दूरचित्रवाणीच्या रुंद वाहिनीला एवढा फरक जाणवतही नाही. परंतु एकपार्श्वपट्ट पद्धतीचे बोलणे केवळ सु. २,७०० हर्ट्झ रुंद असल्याने ते दुपारच्या उन्हात ग्राहीच्या कक्षेबाहेर निघून जाते. यामुळे हौशी तंत्रज्ञ तो स्फटिक काढून त्या जागी तापमान-प्रतिपूरित आंदोलकाचा संकेत देतात. उपग्रहाच्या रेखांशापासून आपण फार पूर्वेस असल्यामुळे त्याचे उभे ध्रुवण येथे उभे राहत नाही. साधन आपल्या अक्षाभोवती बरेच फिरवून जास्तीत जास्त संकेताची स्थिती शोधावी लागते.

केबलचालकांच्या अडीच ते साडेतीन मीटरच्या जाळीदार तबकड्या ३,७०० ते ४,२०० मेगॅहर्ट्झसाठी होत्या. त्यांच्या जाळीची भोके या सु. ७·५ सेंमी.च्या तरंगांसाठी पुरेशी बारीक असतात. मग १,२९६ मेगॅहर्ट्झच्या सु. २३ सेंमी.च्या तरंगांना ती जाळी अखंड पत्र्यासारखीच भासते. तीन मीटरची तबकडी तेथे सु. नऊशे पट शक्ती एकवटते. चंद्राच्या पृष्ठावरून परावर्तित होणाऱ्या संकेतांनी संदेशवहन करणारे हौशी अशा तबकड्या पसंत करतात. कॅलिफोर्नियातील जेम्सबर्ग येथील उपग्रह दळणवळण केंद्राची सु. ३० मी. व्यासाची तबकडीही केंद्र बंद झाल्यानंतर हौशी मंडळींनी या कामासाठी वापरली होती.

जुन्या केबली : आकाशकाबरोबर त्याची केबलही मिळते. केबल दूरचित्रवाणीच्या जाड, ॲल्युमिनियमवेष्टित केबलमध्ये ऊर्जेचा ऱ्हास फार कमी असतो. ती ७५ ओहमची असल्याने ५० ओहमच्या सामग्रीशी जोडल्यास स्थायी तरंग गुणोत्तर सु. १·५ पर्यंत जाते व परत येणारी शक्ती सु. ४ टक्केच असते. ही गैरजुळणी बहुधा चालवून घेता येते. पाणी शिरलेली किंवा आतील तांबे काळवंडलेली केबल मात्र टाकून देणेच इष्ट असते. बाहेरून ती धडधाकट दिसते आणि, पुढे सांगितल्याप्रमाणे, मापकालाही फसविते.

परीक्षण : अनुकूलनात होणारी सर्वांत मोठी गफलत म्हणजे जुळणी व कार्यक्षमता यांना एकच समजणे. स्थायी तरंग गुणोत्तर कमी आले म्हणजे ऊर्जा परत येत नाही एवढेच सिद्ध होते; ती कोठे गेली हे सिद्ध होत नाही. केबलच्या टोकाला ५० ओहमचा रोधक जोडला, तर गुणोत्तर १ येते व सर्व शक्ती उष्णतेत जाते. लघुतरंगांच्या काही व्यापारी रुंदपट्ट आकाशकांत असा रोधक मुद्दाम बसविलेला असतो. त्यामुळे कोणत्याही कंप्रतेला जुळणी उत्तम दिसते. कमी कंप्रतांना मात्र शक्तीचा मोठा भाग रोधकात नाहीसा होतो. सतत कंप्रता बदलणाऱ्या शासकीय केंद्राला ही सोय परवडते, मर्यादित शक्तीच्या हौशी केंद्राला ती महाग पडते.

खराब केबलचा परिणामही असाच असतो. जाताना निम्मी शक्ती गिळणारी केबल परतताना पुन्हा निम्मी गिळते. तिच्या टोकाचा आकाशक पूर्णपणे तुटून पडला, तरी प्रेषकापाशी केवळ एक चतुर्थांश शक्ती परत येते आणि मापक गुणोत्तर सु. ३ दाखवितो. ज्या ठिकाणी आकाशकच नाही, तेथे थोडासा बिघडलेला आकाशक असल्याचा भास होतो. म्हणून मापन शक्यतो आकाशकाच्या संभरण बिंदूपाशी करतात आणि केबलचा ऱ्हास स्वतंत्रपणे मोजतात. विशेषतः २०१९ नंतर हातात मावणारे स्वस्त जाल विश्लेषक उपलब्ध झाल्यामुळे हे काम सामान्य हौशीच्या आवाक्यात आले आहे.

अंतिम कसोटी तुलनेची असते. त्याच उंचीवर योग्य मापाचा साधा द्विध्रुवी लावून दूरच्या स्थिर प्रेषकाचा संकेत दोन्हींवर ऐकतात. दिशिक आकाशक सावकाश फिरवून समोरचा व मागचा संकेत यांतील फरक पाहतात. समोर वाढ व मागे स्पष्ट घट न आढळल्यास, मापकावरील आकडा कितीही चांगला असला, तरी दांड्यांच्या लांब्या व अंतरे पुन्हा तपासावी लागतात.

सुरक्षितता व परवाना : आकाशक उतरविणे व उभारणे हा या उद्योगातील खरा धोक्याचा भाग आहे. ॲल्युमिनियमची लांब नळी विजेच्या तारेस लागल्यास मृत्यू ओढवू शकतो. म्हणून खांब कोणत्याही दिशेने पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाही, इतक्या अंतरावर तो उभारतात. मोठ्या तबकडीवर वाऱ्याचा दाब फार असतो. मूळ पाया व खांब सोडून केवळ तबकडी गच्चीवर आणल्यास ती इमारतीला व खाली वावरणाऱ्यांना धोकादायक ठरते. कोकणासारख्या किनारपट्टीच्या प्रदेशात खाऱ्या हवेने ॲल्युमिनियम व लोखंड यांच्या जोडांचे क्षरण लवकर होते, यास्तव जुने बोल्ट व पकडी नेहमी बदलतात. तडितापासून (आकाशातील विजेपासून) संरक्षणासाठी खांब व केबलचे वेष्टन यांना चांगला भूसंपर्क देणे आवश्यक असते.

बंद पडलेल्या मनोऱ्यावरील सामग्रीलाही मालक असतो. त्याच्या लेखी संमतीवाचून ती घेऊ नये. केवळ ग्रहण व प्रेषण यांत कायद्याच्या दृष्टीनेही मोठा फरक आहे. आकाशक एखाद्या कंप्रतेला उत्सर्जन करू शकतो म्हणून ती कंप्रता वापरण्याचा अधिकार मिळत नाही. तो दूरसंचार विभागाच्या परवान्यात नमूद केलेल्या पट्ट्यांपुरताच असतो. अनुकूलित आकाशक आपल्या जुन्या पट्ट्यातही थोडेफार उत्सर्जन करू शकतो. त्यामुळे प्रेषकातून निघणारे अनिष्ट संकेत गाळण्याची जबाबदारी वाढते, कारण त्या जुन्या पट्ट्यात बंदर, विमानतळ वा पोलीस यांचे काम चालू असण्याचा संभव असतो.

महत्त्व : २६ जानेवारी २००१ रोजीच्या भूजच्या भूकंपानंतर आणि २६ डिसेंबर २००४ रोजीच्या त्सुनामीनंतर अंदमानमध्ये नेहमीची दळणवळण साधने खंडित झाली असता हौशी रेडिओ केंद्रांनी संदेशवहनास साहाय्य केले. अशा प्रसंगी तयार आकाशक बाजारातून मागविण्यास अवधी नसतो. जवळपास जे उभे आहे किंवा पडले आहे, त्यातून कामचलाऊ आकाशक उभारावा लागतो. समोरच्या दांडीची लांबी पाहून ती कोणत्या कंप्रतेला चालेल हे सांगता येणे, किती कापावे व काय जुळवावे हे कागदावर काढता येणे आणि झालेले काम मापकावर विसंबून न राहता तपासता येणे, ही कौशल्ये शांततेच्या काळात जुने आकाशक हाताळूनच अंगी येतात. तांत्रिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही तरंगलांबी, संरोध व ध्रुवण या संकल्पना प्रत्यक्ष मापनातून समजावून देण्यास हा अल्पखर्चाचा मार्ग उपयुक्त ठरतो.